बुरशीचा रंग वाचताना

सकाळी ६.१५

काल संध्याकाळी फ्लास्कमध्ये सोडलेले ॲस्परजिलस निड्युलन्स या बुरशीचे स्पोर रात्रभर ३० अंश तापमानात शेकरवर फिरत होते. एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघते. बहुतेक स्पोर फुगले आहेत आणि प्रत्येकातून एक बारीक नळी बाहेर आली आहे. हीच वेळ साधायची. अजून काही तास गेले तर तंतू एकमेकांत गुंततील, त्यांची भिंत दणकट होईल आणि ती उतरवणं कठीण जाईल. म्हणून आमच्या प्रयोगशाळेत दिवस लवकर सुरू होतो.

आज या बुरशीच्या एका जनुकापुढे नवा स्विच बसवायचा आहे. हे जनुक रंगद्रव्यासारखं काहीतरी बनवणाऱ्या जनुकगटाच्या मध्यभागी आहे, पण आमच्या माध्यमांवर तो सगळा गट मुका राहतो. तो बोलता झाला तर काय बनवेल, हा आमचा प्रश्न.

सकाळी ७.००

कोवळे तंतू गाळून घेते, धुते आणि पेशीभित्तिका पचवणाऱ्या विकरांच्या द्रावणात टाकते. ही विकरं वाइनच्या कारखान्यांत रस नितळ करण्यासाठी वापरतात, त्यामुळे ती पोत्याने बनतात आणि आम्हाला परवडतात. द्रावणात पोटॅशियम क्लोराइड भरपूर लागतं. भिंत गेलेली पेशी साध्या पाण्यात फुगून फुटते, खारट द्रावणात मात्र तग धरते. भिंत उतरलेल्या या गोल पेशींना प्रोटोप्लास्ट म्हणतात. फ्लास्क पुन्हा शेकरवर ठेवते, आता वेग कमी.

सकाळी ७.४५

प्रोटोप्लास्ट सुटायला दोन तास तरी लागतील. तेवढ्यात इनक्युबेटरमधल्या प्लेटा खिडकीपाशी आणते. रंग दिवसाच्या उजेडातच बघावेत. ट्यूबलाइटखाली पिवळट आणि हिरवट यांत गफलत होते.

पहिली प्लेट मूळ जातीची, गर्द हिरवी. दुसरी पांढरीशुभ्र. तिसरी पिवळी. तिन्ही कॉलनी एकाच बुरशीच्या, फरक एकेका जनुकाचा. ‘डब्ल्यूए’ या जनुकावरून पॉलिकेटाइड सिंथेज नावाचं एक मोठं विकर तयार होतं. ते छोटे छोटे कार्बनी तुकडे एकामागे एक जोडून साखळी बनवतं, ती वळवतं आणि त्यातून पिवळं संयुग निघतं. ‘वायए’ या दुसऱ्या जनुकावरून लॅकेज हे विकर बनतं आणि ते पिवळ्याचं हिरवं करतं. पहिलं जनुक बिघडलं की स्पोर पांढरे, दुसरं बिघडलं की पिवळे. दोन्ही बिघडली तर? नव्या विद्यार्थ्यांना मी हा प्रश्न विचारतेच. पुष्कळजण ‘फिकट पिवळा’ म्हणतात. उत्तर आहे पांढरा, कारण पिवळं बनलंच नाही तर त्याचं पुढे काही व्हायचा प्रश्नच उरत नाही. जनुकं कामाला कोणत्या क्रमाने लागतात, हे एवढ्याशा रंगावरून कळतं. त्यासाठी कोणतंही यंत्र लागत नाही.

ग्विडो पॉन्टेकोर्वो यांनी ग्लासगो विद्यापीठात विसाव्या शतकाच्या मध्याला याच बुरशीवर अनुवंशशास्त्राची एक शाखा उभी केली, तेव्हा डीएनए वाचण्याची सोय नव्हती. त्यांचे सहकारी रोपर यांनी पांढऱ्या आणि पिवळ्या जातींचे तंतू एकत्र वाढवले. त्या मिश्र वाढीत दोन्ही जातींची केंद्रकं शेजारी शेजारी नांदतात आणि स्पोर मात्र पांढरे किंवा पिवळेच धरतात. क्वचित एखादा ठिपका हिरवा निघाला. तिथे दोन केंद्रकांचं मीलन झालं होतं आणि एकाचं उणं दुसऱ्याने भरून काढलं होतं. १९५२ साली प्रसिद्ध झालेलं हे काम आजही मला थक्क करतं. इतकी दुर्मीळ घटना नुसत्या नजरेने टिपता आली ती रंगामुळे.

चौथ्या प्लेटवर आज थोडं थांबावं लागतं. जात मूळचीच, जनुकं शाबूत, तरी स्पोर पिवळट. ही प्लेट आम्ही मुद्दाम तांबं वगळून केली आहे. लॅकेजला काम करायला तांबं लागतं, ते मिळालं नाही की पिवळ्याचं हिरवं होत नाही. नवीन आलेल्या विद्यार्थिनीला मी दोन्ही पिवळ्या प्लेटा देते आणि म्हणते, ‘यातलं जनुक कुठे बिघडलंय ते तू शोधून सांग.’ ती थोडा विचार करून दोन्ही कॉलनी तांबं असलेल्या माध्यमावर उतरवायला घेते. अगदी बरोबर. एक हिरवी होईल, एक पिवळीच राहील. रंग दिसला की लगेच जनुकाचं नाव घ्यायचं नाही, आधी खाणंपिणं तपासायचं, ही सवय तिला आजच लागावी असं मला वाटतं.

सकाळी ९.३०

फ्लास्कमध्ये आता चमकदार गोल पेशींची गर्दी आहे. साखरेच्या दाट द्रावणावर हे मिश्रण हलकेच ओतून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवते. न पचलेले तंतू तळाला बसतात आणि दोन थरांच्या मध्ये प्रोटोप्लास्टचा दुधी पट्टा तरंगतो. तो पिपेटने अलगद उचलायचा. इथे घाई केली तर सकाळची सगळी मेहनत जाते.

आता त्यात आम्ही जुळवलेला डीएनए मिसळायचा. त्याच्या एका टोकाला ‘पायरजी’ हे खूणजनुक आहे. आमच्या यजमान जातीत ते बिघडलेलं असल्यामुळे तिला युरिडीन वरून द्यावं लागतं. ज्या पेशीने नवा डीएनए स्वीकारला तीच युरिडीनशिवाय वाढेल. दुसऱ्या टोकाला ‘अल्कए’ प्रमोटर आहे. ग्लुकोज असेपर्यंत तो बंद राहतो, ग्लुकोज काढून अल्कोहोल किंवा थ्रिओनिन दिलं की जोरात चालू होतो. कॅल्शियम, पॉलिइथिलीन ग्लायकॉल, बर्फावर अर्धा तास, मग प्लेटा. यजमान जातीत ‘एनकूए’ जनुक आधीच काढलेलं आहे, त्यामुळे डीएनए भलत्या जागी घुसण्याऐवजी बहुतेक वेळा नेमक्या ठिकाणी बसतो. कॉलनी दिसायला दोन-तीन दिवस जातील.

सकाळी ११.१५

आठवड्याची बैठक. आज विषय जनुकगटांचा, आणि तो मला फार प्रिय आहे.

आपल्या पेशींत एकाच कामाची जनुकं सहसा वेगवेगळ्या गुणसूत्रांवर विखुरलेली असतात. बुरशीत दुय्यम चयापचयाची, म्हणजे रंगद्रव्यं, प्रतिजैविकं, विषं असे वाढीला अनिवार्य नसलेले पदार्थ बनवणारी जनुकं बहुतेकदा एकमेकांना लागून असतात. जुन्या वाड्यातली बिऱ्हाडं एकाच नळावर पाणी भरायची, तशी ती एकाच नियंत्रकावर चालतात. निड्युलन्समध्ये स्टेरिग्मॅटोसिस्टिन या विषाचा गट सुमारे ६० हजार अक्षरांच्या डीएनएवर पसरलेला आहे आणि त्यात जवळपास २५ जनुकं आहेत. त्यांचा नळ म्हणजे ‘एएफएलआर’ हे नियंत्रक जनुक. तो बंद केला की सगळा गट गप्प होतो.

हे विष म्हणजे अफ्लाटॉक्सिनच्या वाटेवरचा आधीचा टप्पा. निड्युलन्स तिथेच थांबते, ॲस्परजिलस फ्लेवस पुढे जाते. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड खाऊन एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला. आपल्याकडे १९७४ च्या पावसानंतर राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात बुरशी चढलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसं यकृताच्या विकाराने गेली. बहुतेक आदिवासी गावं, खायला दुसरं धान्य नाही. विद्यार्थ्यांना जनुकगट शिकवताना हे मी दरवेळी सांगते. फळ्यावरच्या बाणांच्या मालिकेला असाही एक शेवट आहे.

या विषाला स्वतःला डोळ्यांत भरेल असा रंग नाही, मग त्याची जनुकं शोधायची कशी? संशोधकांनी वाट अडवली. सुरुवातीच्या टप्प्यावरचं एक जनुक काढून टाकलं की नॉर्सोलोरिनिक आम्ल साचून राहतं, आणि ते नारिंगी असतं. आता ही नारिंगी जात घ्यायची, तिच्यात उत्परिवर्तनं घडवायची आणि प्लेटांवर नारिंगी गमावलेल्या कॉलनी हुडकायच्या. अशाच एका कॉलनीतून ‘लेए’ जनुक हाती लागलं. जिन वू बोक आणि नॅन्सी केलर यांनी ते २००४ साली जाहीर केलं. ते गेलं की स्टेरिग्मॅटोसिस्टिन थांबतं आणि त्याबरोबर पेनिसिलिनही घटतं. एकाच वरिष्ठ नियंत्रकाच्या हाताखाली विषही आहे आणि औषधही.

‘मग बुरशीच्या लेखी दोन्ही सारखंच?’ मागच्या बाकावरून प्रश्न येतो. बुरशीच्या लेखी दोन्ही शेजाऱ्यांशी निभावण्याची साधनं असावीत. विष आणि औषध हा भेद आपण केलेला आहे.

दुपारी १.१५

डबे उघडतात. ऑटोक्लेव्ह सांभाळणारे मामा आज जेवताना गप्प आहेत. त्यांची शेती भोरकडे.

‘मॅडम, गावाकडनं फोन आलेला. भातावर करपा पडलाय. पानावर टोकदार डाग, मधी राखट.’

‘मामा, युरिया जास्त पडलाय का यंदा?’

‘पोरानं टाकला थोडा जादा. पाऊसही उघडत नाही.’

नत्र जास्त आणि हवा ओली, करप्याला हेच हवं असतं. मी त्यांना युरिया थांबवायला आणि उद्याच कृषी सहायकांना डाग दाखवायला सांगते. मग मामाच विचारतात की भाताच्या चिवट पानात ही बुरशी शिरते कशी. विद्यार्थीही पुढे सरकतात.

ती रंगाच्या जोरावर शिरते. करप्याचा स्पोर पानाला चिकटून एक घुमटासारखी पेशी तयार करतो. तिच्या भिंतीत काळ्या मेलॅनिनचा थर बसतो. हा थर आतलं ग्लिसरॉल बाहेर झिरपू देत नाही, पाणी मात्र आत येत राहतं, आणि दाब वाढत वाढत वातावरणाच्या सुमारे ८० पटींपर्यंत जातो. त्या दाबाने खालून निघालेली टोकदार खुंटी पानात घुसते. मेलॅनिन बनवणारी जनुकं बिघडवली तर बुरशीचा रंग जनुकागणिक पांढरा, गुलाबी किंवा बदामी होतो. या तिन्ही जाती जगतात, वाढतात, पण शाबूत पानात शिरू शकत नाहीत. शेतकरी फवारतात ते ट्रायसायक्लाझोल याच वाटेवरचं एक विकर रोखतं. ते बुरशीला मारत नाही, तिची शिरण्याची ताकद काढून घेतं. म्हणून ते आधी फवारलं तरच उपयोग, बुरशी आत गेल्यावर फारसा नाही.

‘म्हणजे डाग नसलेल्या वाफ्याकडं आधी बघायला पाहिजे,’ मामा म्हणतात आणि हात धुवून गावाला फोन लावतात. रंगद्रव्याच्या जनुकांचं ज्ञान इतक्या थेट शेताच्या बांधावर पोचतं, तेव्हा आमच्या कामाची किंमत मला वेगळी सांगावी लागत नाही.

दुपारी २.३०

फ्यूम हूडपाशी हातमोजे घालून बसते. गेल्या आठवड्यात वाढवलेल्या कॉलनींचे अर्क इथिल ॲसिटेटमध्ये काढून ठेवले आहेत. त्यांचे बारीक थेंब सिलिका लावलेल्या पातळ पट्टीवर ओळीने ठेवायचे. पट्टी टोल्यूइन, इथिल ॲसिटेट आणि ॲसिटिक आम्लाच्या मिश्रणात उभी केली की द्रावक वर चढत जातो आणि एकेक संयुग आपापल्या उंचीवर थांबतं. साध्या उजेडात पट्टी जवळजवळ कोरी दिसते. अतिनील दिव्याखाली मंद विटकरी ठिपका उमटतो, तो स्टेरिग्मॅटोसिस्टिनचा. ॲल्युमिनियम क्लोराइड फवारून गरम केलं की तोच ठिपका लखलखीत पिवळा होतो. ‘लेए’ काढलेल्या जातीच्या ओळीत त्या उंचीवर काहीच नाही. मूळ जातीच्या ओळीत आहे. शेजारी शुद्ध नमुन्याची ओळ आहे, तिच्याशी उंची जुळते.

एका ओळीत वेगळीच पिवळी रेघ दिसते. ही आमची स्विच बसवलेली जुनी जात. विद्यार्थिनीचे डोळे चमकतात. मी तिला तीन गोष्टी लिहायला लावते: स्विच बंद असताना ही रेघ दिसते का, मूळ जातीला थ्रिओनिन दिलं तर दिसते का, आणि नुसत्या माध्यमाच्या अर्कात दिसते का. तिन्ही उत्तरं ‘नाही’ आली तरच हा नमुना वस्तुमान मापनाला पाठवायचा. आनंद आवरायला मी तिला सांगत नाही. आनंद झाला म्हणूनच माणूस पुढच्या तीन पट्ट्या नीट करतो.

दुपारी ४.१५

आता संगणक. निड्युलन्सचा सगळा जीनोम, आठ गुणसूत्रं आणि सुमारे तीन कोटी अक्षरं, २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात दुय्यम संयुगं बनवू शकतील असे पन्नासाहून अधिक गट दिसतात. इतकी संयुगं तोवर या बुरशीतून कोणी पाहिली नव्हती. जनुकं होती, पदार्थ दिसत नव्हते. अँटिस्मॅश या प्रणालीत क्रम टाकला की ती असे गट शोधून रंगीत बाणांनी दाखवते. पॉलिकेटाइड सिंथेज कुठे, नियंत्रक कुठे, पदार्थ पेशीबाहेर नेणारं प्रथिन कुठे, हे वाचत मी आमच्या गटाच्या सीमा ठरवते.

मुके गट जागवायच्या वाटा निरनिराळ्या आहेत. आम्ही करतो तशी नियंत्रकापुढे नवा स्विच लावण्याची वाट २००७ साली जर्मनीत जेना इथे यशस्वी झाली आणि ॲस्पिरिडोन नावाची संयुगं मिळाली. त्याच शहरातून २००९ साली दुसरी वाट दिसली. तिथल्या संशोधकांनी मातीतले ॲक्टिनोमायसीट गटातले जिवाणू निड्युलन्सबरोबर वाढवून पाहिले. त्यातल्या एका जिवाणूचा प्रत्यक्ष स्पर्श झाला की बुरशीचा एक मुका गट जागा होई आणि ऑर्सेलिनिक आम्ल बनू लागे. त्यासोबत लेकॅनोरिक आम्लही मिळालं. ते एरवी लायकेनमध्ये, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल ज्या गटात मोडतं त्या गटात, आढळतं. जिवाणूच्या स्पर्शाने बुरशीच्या गुणसूत्रावरच्या हिस्टोन प्रथिनांवर रासायनिक खुणा बदलतात आणि झाकलेली जनुकं उघडी पडतात, हेही पुढे समजलं.

मातीत कोणतीच बुरशी एकटी नसते. आम्ही तिला स्वच्छ प्लेटवर एकटं ठेवतो आणि ती काही बनवत नाही म्हणून तक्रार करतो. त्यामुळे पुढच्या महिन्यापासून प्रत्येक नव्या जातीला शेजारी देऊनही वाढवायचं, असं मी कामाच्या यादीत लिहिते.

संध्याकाळी ५.३०

चहा. पिंपरीहून येणाऱ्या विद्यार्थ्याला घरी जाताना हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा परिसर लागतो. स्वतंत्र भारताने १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभारलेला हा पेनिसिलिनचा कारखाना. त्याला मी पेनिसिलियम बुरशीच्या वंशावळीतली रंगाची गोष्ट सांगते.

१९४३ साली अमेरिकेतल्या पिओरिया शहरात एका बुरसलेल्या खरबुजावर जी बुरशी मिळाली, तिच्यापासून पुढच्या औद्योगिक जाती निघाल्या. तिचं उत्पन्न चांगलं, पण ती पिवळं रंगद्रव्यही सोडायची आणि ते पेनिसिलिनमधून काढून टाकणं जिकिरीचं असे. विस्कॉन्सिन विद्यापीठात अतिनील किरणांनी उत्परिवर्तनं घडवून पिवळं न सोडणारी जात निवडली गेली. निवडणाऱ्यांना जनुक माहीत नव्हतं, त्यांनी रंग पाहिला. सुमारे सत्तर वर्षांनी जीनोम वाचल्यावर दिसलं की या वंशातल्या औद्योगिक जातीत सॉर्बिसिलिन नावाची पिवळी संयुगं बनवणाऱ्या पॉलिकेटाइड सिंथेजमध्ये एक बिंदुबदल आहे आणि त्याने ते विकर लंगडं झालं आहे. पेनिसिलिनच्या जनुकगटाच्या मात्र औद्योगिक जातींत अनेक प्रती झालेल्या आहेत. जुन्या लोकांनी डोळ्यांनी जे निवडलं त्याचं कारण नव्या लोकांनी अक्षरांत वाचलं. मला ही दोन कामं तोलामोलाची वाटतात.

संध्याकाळी ६.४५

शेवटचं काम: त्याच जातींच्या दोन-दोन प्लेटा लावायच्या, एक उजेडात, एक काळ्या कागदात गुंडाळून. अंधारात ‘व्हीए’ हे प्रथिन केंद्रकात शिरतं, तिथे ‘व्हेलबी’ आणि ‘लेए’ यांच्याशी जोडी जमवतं आणि दुय्यम संयुगांचं उत्पादन वाढवतं. उजेडात त्याचं केंद्रकात जाणं घटतं. या तिघांचा संयोग २००८ साली गटिंगेनच्या संशोधकांनी दाखवला. प्रयोगशाळेत पिढ्यान्पिढ्या चाललेल्या अनेक जातींत ‘व्हीए’चं जनुक अर्धवट बिघडलेलं असतं, म्हणून तुलनेसाठी शाबूत जनुकाची जात मी मुद्दाम ठेवली आहे. प्लेट उजेडात होती की अंधारात, हे न लिहिलेली नोंद आमच्याकडे अपुरी समजली जाते.

वही भरते. प्रत्येक कॉलनीपुढे माध्यम, तापमान, उजेड, तांबं, वय. मग वरून रंग, पाठीचा रंग, माध्यमात उतरलेला रंग. विद्यार्थ्यांना ही नोंद कंटाळवाणी वाटते, कारण आता जीनोम वाचणं पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वस्त झालं आहे. पण जीनोम सांगतो ती बुरशीची ऐपत. ती आज, या माध्यमावर, या शेजाऱ्यांत काय करते आहे, हे प्लेटवरच दिसतं. ‘लेए’ सापडलं ते हरवलेल्या नारिंगीमुळे, पिवळं न सोडणारं पेनिसिलियम निवडलं गेलं ते डोळ्यांनी, आणि भातातली करप्याची वाट कळली ती पांढऱ्या, गुलाबी, बदामी कॉलनींमुळे. यातली प्रत्येक गोष्ट कोणीतरी रंग बदललेला पाहिला, त्याला डाग म्हणून फेकलं नाही आणि नीट लिहून ठेवला, म्हणून पुढे गेली. माझ्या विद्यार्थ्यांनी पदवीसोबत ही एक सवय घेऊन जावं, यासाठी मी रोज वही तपासते.